मीटरवाल्यानं दाखवलेलं शहर

रविवारी सकाळी सातला
किल्ल्याच्या खंदकाशी जमतात दहा-बाराजण.
टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
आर्किटेक्चरच्या पोरांच्या लांबलचक वह्या.
मी भरमा कंग्राळकर. आधीच सांगून टाकतो,
एकतीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचले,
ह्यातलं शिकलेला नाही,
चुकलं तर सांगा की.

कमल बसदीत सगळ्यांच्या माना वर.
छतातून उलटं उमललेलं दगडी कमळ,
पाकळ्या मोजता मोजता श्रेयांसची मान अवघडते.
मी खांबाकडं बघतो.
काळ्या गुळगुळीत दगडात माझाच चेहरा
लांबोडका, कुणा पाहुण्यासारखा.
आमचा एक वायरमन इथं आला होता,
ड्रिल पिशवीतच ठेवून
अर्धा तास अनवाणी नुसता उभा राहिला
आणि परत गेला.

कॅम्पात रस्ते सरळ, झाडं जुनी,
बंगले रस्त्यापासून मागं सरकून बसलेले.
पोरं व्हरांडे काढतात, कमानी, कौलांचा उतार.
मी त्यांना मागच्या अंगाला नेतो.
मीटर तिथंच असतो, मोरीजवळ,
आणि कुत्रापण तिथंच बांधलेला.
समोरून ह्या घरांची मला ओळखच नाही,
पुढच्या फाटकातून आलो तर वाट चुकतो.

खडेबाजारात कुणीतरी विचारतंच,
काका, ह्या पाटीवर आधी काय होतं?
रंगाखाली रंग, त्याच्याखाली आणखी एक लिपी,
पोपडा उडाला की वेलांटी दिसते.
पाटीचं मला विचारू नका, म्हणतो.
आकडा मनात मराठीत वाचायचो,
कागदावर कानडीत लिहायचो.
दोन तर दोन्हीकडं जवळजवळ सारखाच.

सौध नाही दाखवणार का?
ती बसमधून दिसते, हायवेवरून,
पांढरी, प्रचंड.
थंडीत थोडे दिवस अधिवेशन, मग परत कुलपं.
ती माझ्या हद्दीत नव्हती.
हद्द म्हटल्यावर दोघं हसले,
एकजण हसला नाही.

मग शहापूर. इथं फिरणं संपतं.
वहीत काढण्याजोगं काही नाही म्हणून
पोरं मोबाइल बघायला लागतात.
विणकरांची गल्ली, घराला घर चिकटलेलं,
पूर्वी इथं बोलायचं म्हणजे ओरडायचं.
मीटरच्या चकतीवर लाल खूण असायची,
ती किती भरभर फिरते त्यावरून
आत न जाता सांगायचो,
इथं दोन माग, इथं चार,
इथं आज सूत आलेलं नाही.

निंगव्वाच्या दारात सुप्रिया थबकली.
टेप लावला, पुन्हा लावला.
एवढ्याशा घराला साडेपाच फुटी दार कसं?
निंगव्वा आतून आली,
पदराला हात पुसत,
माझी खाकी पिशवी बघून म्हणाली, एष्टात्री?
किती झालं?
नाही गं, बिलाला नाही आलो,
ही पोरं तुझं घर बघायला आलीत.
तिनं एकदा घराकडं बघितलं,
एकदा पोरांकडं.
मग दाराच्या चौकटीवर हात ठेवून सांगितलं,
माग आणला तेव्हा भिंत फोडली.
गेला तेव्हा काही फोडावं लागलं नाही,
भंगारवाल्यानं तुकडेच करून नेला.

आत फरशीवर चार खळगे, तेलानं काळे.
तिथं आता तिचा नातू
अभ्यासाला बसला होता,
एक खळगा चुकवून.
सुप्रियानं वहीत शैलीपुढची जागा
कोरीच ठेवली.

सगळे बाहेर आले, चपला शोधायला लागले.
मी सवयीनं मीटरकडं वळलो.
चकती केव्हाच गेली, आता डबीत
बारीक लाल दिवा असतो,
वीज खाल्ली की लुकलुकतो.
उभा राहिलो.
श्रेयांसनं हाक मारली, काका, येताय न्हवं?
थांब जरा, म्हटलं.
बऱ्याच वेळानं
एकदा लुकलुकला.
फॅन असेल पोराचा.