नॅट टाइप : स्ट्रिक्ट

मे महिन्यात मला बोलायलाही वेळ नसतो.
सक्करदऱ्यापासून हुडकेश्वरपर्यंत
दिवसाला अकरा-बारा कूलर.
कुणाचा पंप जळालेला, कुणाची टाकी गळते,
कुणी मागच्या उन्हाळ्यातली खस तशीच ठेवून म्हणतो,
भाऊ, थंडी हवा काहून येत नाही?

रात्री साडेदहाला घरी आलो
तर पोट्टं रडकुंडीला.
"बाबा, नॅट स्ट्रिक्ट दाखवून राहिला."
मला ऐकू आलं : नातं.
म्हटलं, नातं स्ट्रिक्टच असते बाप्पा, जेवून घे.

निहाल हसला नाही.
तिकडे बिलासपूरला प्रज्योत गजभिये थांबला होता.
वडिलांची रेल्वेत बदली झाली तेव्हा
आपली सायकल आमच्या जिन्याखाली ठेवून गेला,
अजून तिथंच आहे, चाकात हवा नाही.
दोघं एका टीममध्ये.
हा गोळी झाडतो ती दीड सेकंदानं सुटते,
तोवर हा मेलेला असतो.
प्रज्योतचा आवाज तुटत येतो :
"निहा... मागं... मागं बघ..."

मला गेम कळत नाही.
पण बिघडलेली वस्तू समोर असली
की मला झोप येत नाही.

राउटर कुठं? कूलरच्या मागं.
मीच ठेवला होता, तिथं प्लग होता म्हणून.
चार फूट पत्रा, साठ लिटर पाणी,
त्यातून कुणाचा निरोप पलीकडे जाईल?
उचलून कपाटावर ठेवला.
पिंग एकशे ऐंशीवरून एकशे दहा.
नॅट तसाच.

डबा उलटा केला. चष्मा, टॉर्च, अर्धवट पुसलेलं स्टिकर.
नाव अ‍ॅडमिन. पासवर्डही अ‍ॅडमिन.
म्हणजे तीन वर्षं घराची किल्ली
पायपुसण्याखालीच होती.

मग सापडलं.
कंपनीनं लावलेला पांढरा डबा एक,
इतवारीतून मी स्वस्तात आणलेला काळा दुसरा,
आणि दोघंही स्वतःला घरमालक समजत होते.
बाहेरून कुणी आलं, निहाल आहे का,
तर पांढरा म्हणे, या नावाचं इथं कोणी नाही.
काळ्यापर्यंत हाक जायचीच नाही.

हे मला लगेच कळलं.
नंदनवनच्या दुकानात मी आणि सुधाकरदादा
दोन गल्ले मांडून बसायचो.
गिऱ्हाईक असंच दारातून परत जायचं.
एकाला गल्ला उचलावा लागतो.
मी उचलला. नऊ वर्षं झाली.

पांढऱ्याला म्हटलं, तू नुसता पूल हो.
सेटिंगमध्ये शब्दच आहे तसा, ब्रिज.
काळ्यात रिचार्जच्या पावतीवरचा आयडी टाकला.
सगळे दिवे विझले.
आतून बायको ओरडली, तिची मालिका थांबली होती.
लाल.
लाल.
निहालनं माझा शर्ट मागून धरलेला, लहानपणी धरायचा तसा.
हिरवा.

नॅट टाइप : ओपन. पिंग अठ्ठेचाळीस.
प्रज्योतचा आवाज आला, इतका स्वच्छ
की त्याच्या खोलीतला पंखाही ऐकू आला.
बेअरिंग गेलं आहे त्याचं, मी म्हटलं.

पहिल्याच डावात दोघं दोन मिनिटांत मेले.
आता नेटला शिवी देता येईना.
जरा वेळ कोणीच बोललं नाही.
मग तिकडून : "काका, सायकल आहे का?"
आहे ना बे, जाईल कुठं.

रात्री एक वाजता पंप घेऊन जिन्याखाली बसलो.
पुढच्या चाकानं हवा धरली.
मागचं सूं करून बसलं, वॉल्व्ह गेला असावा.

उद्या एक कूलर नंदनवनला आहे.
सुधाकरदादाच्या दुकानाला लागून
एक सायकलवाला बसायचा.
बसत असेल अजून.