रकाना

टॅनर काउंटीच्या कृषी कार्यालयाला
त्या मे महिन्यात कुलूप होतं,
आणि कुलपाच्या आत मी.
माणसांनी यायचं नव्हतं, कागदांनी यायचं होतं;
दाराबाहेर हिरव्या पत्र्याची पेटी,
पूर्वी तिच्यात लोक लायब्ररीची पुस्तकं टाकायचे.

शाळा बंद, म्हणून शाळेचं दूध बंद.
टँकर आलाच नाही तेव्हा ऑर्विल ट्वेइटननं
नळी गटाराकडे वळवली
आणि (बायको सांगत होती फोनवर) टोपी काढली.
मग लगेच घातली. थंडी होती.

सरकारचा प्रश्न साधा होता:
या तारखेपासून त्या तारखेपर्यंत
सगळ्यात जास्त जनावरं ज्या दिवशी होती,
त्या दिवशी किती होती?
डोक्यामागे अमुक डॉलर. शेपटीचं काही नाही.

लीलंड हॉफशील्डचा फोन शेवटच्या तारखेनंतर आला.
"शेवटच्या रात्री एक कालवड झाली.
पहाटे गेली. धरायची का?"
मी नियमावली उघडली, पान सदतीस.
तिथे 'होती' असं लिहिलेलं आहे.
'राहिली' असं नाही.
"धरा," म्हटलं.
पलीकडे रेडिओवर मक्याचे भाव चालले होते.
"मग एकशे त्रेचाळीस," तो म्हणाला.
"नाव विचारत नाहीत?"
"नाही."
"बरं. पण होतं."
आणि त्यानं सांगितलं.
मी ते समासात पेन्सिलीनं लिहिलं,
मग खोडलं; स्कॅनर समास घेत नाही.

पा न्या वांगची नदीकाठची दोन एकर.
तिच्या कारल्याला रकाना नव्हता.
वाटाणा होता, बटाटा होता, रताळंसुद्धा.
मी मॅडिसनला विचारलं, मॅडिसननं वॉशिंग्टनला,
उत्तर आलं तोवर वेल मांडव ओलांडून
शेजाऱ्याच्या तारेवर लोंबत होते:
काकडीच्या भावकीत बसवा.
बसवलं. एकसष्ट डॉलर.

दुसऱ्या दिवशी पेटीत कागद नव्हते,
ओल्या वर्तमानपत्रात सात कारली होती.
वीस डॉलरच्या आतली भेट चालते;
तरी मी टपालाच्या काट्यावर तोलली,
आणि घरी जाऊन, मीठ लावून, पिळून,
दाण्याचं कूट घालून परतली.
ऑर्विलच्या बायकोनं चव घेतली
आणि फार सभ्यपणे पाणी मागितलं.

हिवाळ्यात यादी छापून आली.
नाव, गाव, रक्कम.
सगळ्यात मोठा आकडा अशा कंपनीचा,
जिचा पत्ता मिनिआपोलिसमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर,
जिला या काउंटीत कुणी शिंकताना ऐकलेलं नाही.
पण डॉरिसच्या कॅफेत बोटं तिथे थांबली नाहीत.
ती खाली सरकत गेली, शेजाऱ्याच्या नावापर्यंत.
"अच्छा," कुणीतरी म्हणालं. कॉफी ओतली गेली.

इथे समोरून ट्रक आला की
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात.
राम राम म्हणा त्याला.
त्या आठवड्यात बोटं जरा जड झाली होती.
भावाभावांत तर दोन मैलांच्या रस्त्यावर
नुसतीच धूळ. म्हणजे बर्फाची.

शुक्रवारी लीलंड समोरून आला.
यादीत त्याच्या नावापुढे जो आकडा आहे
त्यात एका रात्रीचे पैसे मिसळलेले आहेत,
कॅफेतल्या कुणाला ते वेगळे काढता यायचे नाहीत.
त्यानं बोट उचललं.
मी अख्खा हात हलवला.
बारा वर्षं झाली, मला अजून
ते एका बोटाचं जमत नाही.