खात्री आहे?

जिन्याखाली सोसायटीचं ऑफिस, भिंतीपलीकडे पंप.
साडेसहाला तो सुरू झाला की
टेबलावरचा माउस आपोआप सरकायला लागतो,
पाव इंच, अर्धा इंच, दाराच्या दिशेने.
ते मी कधी मनावर घेतलं नाही.
माहीममध्ये जागचं हलत नाही असं आहे तरी काय.

पण गेल्या महिन्यापासून
मी एकदा दाबते, तो दोनदा ऐकतो.
एक फाइल उघडावी तर दोन जागच्या उठून येतात.
सेल बदलला. डोंगल या भोकातून काढून त्या भोकात.
कॅलेंडरचा सरलेला महिना उलटा घातला खाली,
एकदा तर मांडीवर, साडीच्या निऱ्यांवर फिरवून पाहिला.
सेक्रेटरी पालयेकर म्हणाले, नवा घ्या की.
नव्याला तीन कोटेशनं लागतात,
ठराव त्यांचाच, अनुमोदन माझं.

मग बिलं गेली.
बेचाळीस फ्लॅटना चौऱ्याऐंशी.
लोकांनी ग्रुपवर हसरे चेहरे टाकले.
चौथ्या मजल्यावरचे टिपणीस मात्र
दोन चेक लिहून खाली आले.
"दोनदा मागितलंत, म्हणजे काहीतरी निघालं असणार."

मी खुर्ची दिली, माउस दाखवला.
त्यांनी तो कानाशी नेला, दाबला,
पुन्हा दाबला,
आणि सत्तरीतला माणूस एकदम खुश झाला.
"एकवीस वर्षं जहाजावर बिनतारीच्या खोलीत काढली मी.
ही ठिपक्याची तक्रार आहे, बाई.
पट्टी दमली की एका ठिपक्याचे दोन होतात,
ईचा आय होतो.
एडनजवळ एकदा माझा झाला होता."
पुढे काय झालं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा पेचकस, चिमटा,
आणि स्क्रू ठेवायला घरची बशी.
माउसच्या पोटावरचे गुळगुळीत तुकडे सोलले,
स्क्रू त्यांच्याखाली लपलेले.
आत तुरीच्या डाळीएवढी काळी डबी,
तिच्यात तांब्याचं एक पान,
मेथीच्या पानाहून लहान.
हात थरथरत होते त्यांचे.
पण थरथर कधी येते, कधी ओसरते, हे ओळखून
ते मधल्या फटीत काम उरकत होते,
बोट डुलत असताना चहा ओतावा तसं.

एक पांढरं बटण उडालं. तिळाएवढं.
सोसायटीची खजिनदार आणि एक निवृत्त दर्यावर्दी
गुडघ्यांवर, टेबलाखाली, मोबाइलच्या उजेडात.
वॉचमन डोकावला आणि काही न विचारता गेला.
सापडलं ते भिंतीपाशी, मुंग्यांच्या वाटेवर.

कट्.
एकच.
टिपणीसांनी पाच वेळा ऐकलं, पाचही वेळा एकच.

बशी उचलता उचलता म्हणाले,
"आता चालू झालाच आहे तर ते नावही काढून टाका.
सहसभासदाच्या रकान्यातलं. अर्ज मार्चमध्ये दिलाय."
आणि लिफ्ट असून जिन्याने गेले.

चारशे दोन.
कुमुदिनी माधव टिपणीस.
मी रकाना निवडला, वगळा म्हटलं,
तर मध्येच एक चौकट उभी राहिली:
खात्री आहे?
होय. नाही.

महिनाभर ही चौकट मला दिसलीच नव्हती.
उघडते ती नेमकी बाणाखाली, होय पुढे करून.
पहिल्या टिचकीला ती यायची
आणि दुसरीने परस्पर उत्तर घेऊन जायची.
किती नावं, किती नोंदी मी अशा
न विचारता काढल्या असतील, देव जाणे.
आता ती उभी आहे,
दारात निरोप घेऊन आलेल्या पोरासारखी, हलत नाही.

एवढ्यात साडेसहा झाले.
भिंत गुरगुरली.
माउस सरकायला लागला, पाव इंच,
आणि पडद्यावर बाण
होयच्या कडेवरून हळूच खाली उतरला.

मी हात मांडीवर घेतला.
टाकी भरायला वीस मिनिटं लागतात.