पाऊण मिलिमीटर

आधी रंग खरवडला, मग लांबी,
मग तिच्याखाली आणखी एक जुनी लांबी,
आणि तिच्याखाली पत्रा नव्हताच.
बोट आत गेलं. आतून माती आली,
मुळशीच्या कुठल्यातरी सहलीची.

झेनच्या डाव्या दाराखालची पट्टी आता कापायची.
नवी नाना पेठेतून आणली आहे,
काळी, तेलकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
प्रश्न एवढाच, जोडायची कशानं.

इलियास मिस्त्री म्हणतात, गॅस.
चाळीस वर्षं त्यांचा हात त्यावरच बसलाय.
पण गॅस शेजारपाजारही तापवतो,
पत्रा पापडासारखा फुगतो,
मग तो ठोकून सपाट करायचा. तेही येतं त्यांना.
मला येत नाही.

टिग देखणी. शिवण अशी की बोट फिरवत बसावं.
पण दोन हात नि एक पाय लागतो,
आणि मी गाडीखाली उताणी, कोपर टायरला टेकलेलं.

चिकटवायचाही मसाला मिळतो.
दाराच्या वरच्या कातडीला चालेल.
ही पट्टी गाडीचं वजन पेलते,
हिला नुसतं चिकटवून
कात्रजच्या घाटात मी आप्पांना बसवणार नाही.

आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत.
सव्वीस वर्षं पिंपरीत, लाइनवर, स्पॉटगन:
चिमटा लावायचा, ठक्, पुढची.
"स्पॉटच कर," म्हणतात, "कंपनीत तेच होतं."
खालच्या कडेला जमेल, आप्पा.
वर चिमट्याला दोन्ही बाजू लागतात
आणि आतली बाजू बंद आहे.
ते बराच वेळ गप्प.
"हो. आमच्याकडे ती उघडी यायची."

म्हणून मिग.
भोसरीहून भाड्यानं, बाटलीचं डिपॉझिट वेगळं,
तार सगळ्यात बारीक.
सोहोनी सेक्रेटरींची परवानगी चार ते सहा,
वाळूच्या दोन बादल्या आणि त्यांची स्कूटर हलवण्याच्या अटीवर.

जुन्या बाजारातल्या बेवारस दारावर सराव.
पहिले चार ठिपके: चार भोकं.
पाचवा नुसताच वर बसला, नखानं निघाला.
करंट कमी, तार जास्त, करंट थोडा जास्त,
आणि मग तो आवाज लागला,
कढईत तीळ तडतडावेत तसा, सलग.
आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "हां."

बॅटरी सोडली. कार्पेट बाहेर.
नव्या पट्टीला भोकं पाडून ठेवलेली, सहा-सहा मिलिमीटरची,
एकेक भरत जायचं.
एक इथे, दुसरं वीतभर लांब, मग उलट्या टोकाला.
शेजारचं लगेच भरायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी.

"थांबलीस का?"
निवू देतेय.

ते उठले, गुडघे धरत वाकले,
जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग असलेला तळवा
पट्टीजवळ नेला, टेकवला नाही.
"अजून दोन मिनिटं," म्हणाले,
आणि तसेच, ओणवे, थांबून राहिले.