पन्नास ग्रॅम

सकाळी सात. काटा ओट्यावर, आधी शून्य करून घेतलेला.
दोनशे दहा ग्रॅम: भात, उकडलेला भोपळा,
काटे काढलेला बांगडा. मीठ नाही.
सुतळी दारात उभी. ती बसत नाही,
बसायला मागे मांसच नाही,
फरशी टोचते तिला.

मासळी न्यायला आलेल्या टेम्पोतून ती उतरली
आणि टेम्पो निघून गेला.
आई कारवानी असावी, घाटावरची, सशामागे सुटणारी.
बाप कुठल्यातरी उकिरड्याचा धनी.
पाय आईचे, उंची बापाची,
भूक दोघांची.

बुरोंडीत मला अजून मापारी म्हणतात.
रेशन दुकानात एकतीस वर्षं तराजू धरला,
तर नाव पडणारच.
दर्शना चोगले कुंपणावरून बघते
सुतळीच्या बरगड्या, एक, दोन, तीन,
आणि माशाची पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणते,
काय ओ मापारी, कुत्रीला पण मापात मारता?

दापोलीच्या डॉक्टर मुकादमांनी माझाच हात पकडून शिकवलं होतं.
मूठ वळा. बोटांच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा.
बरगड्या अशा लागल्या तर उपाशी.
आता मूठ उघडा, तळहातावरून फिरवा. असं लागलं तर लाडावलेली.
आता हात पालथा.
असं. एवढंच. या जातीला हेच पोटभर.

हे मी दर्शनाला कसं सांगणार?
मापाबद्दल मी काही सांगायचं
आणि गावानं ऐकायचं!

शिमग्यात पालखी घरोघर फिरली
आणि पालखीमागून सुतळी.
कुणी पुरणपोळी, कुणी खोबऱ्याचा तुकडा,
शरफूच्या टपरीवर खारी,
शाळेच्या मागच्या दारी खिचडी,
चोगल्यांकडे सुक्या बोंबलांची डोकी, मूठमूठ.
अकरा किलोची साडेतेरा झाली.
पुळणीवर खेकडा तिच्या नाकासमोरून तिरपा गेला,
तिने मान वळवून बघितलं,
आणि धाप लागल्यासारखी बसली.
बसली!

मग मी निघालो दारोदार.
एकतीस वर्षं ही माणसं माझ्यासमोर उभी राहून
अजून थोडं घाला म्हणायची.
मी त्यांच्या पायरीवर उभा राहून म्हणालो,
थोडं कमी घाला.
शरफू हसला. शाळेतली बाई हसली.
दर्शना हसली नाही.
ती म्हणाली, पन्नास ग्रॅमनं काय होतं ओ?

घरी येईपर्यंत तेच वाक्य चपलेत खड्यासारखं.
कारण ते माझं होतं.
पोतं गोदामातूनच दोन किलो हलकं यायचं,
ती तूट मी भरायची कुठून?
किलोमागे पन्नास ग्रॅम.
परडं टेकायच्या आत उचलायचं, बस्स.
कुणी कुरकुरलंच तर मी हेच म्हणायचो,
पन्नास ग्रॅमनं काय होतं.

आता रोज बघतो काय होतं.
अकरा किलोच्या जिवावर पन्नास ग्रॅम
पंधरा दिवसांत हाताला लागतात.
तेव्हाचे कुणाच्या बरगड्यांवर उमटले असतील,
दर्शनाच्या आईकडे पिवळं कार्ड होतं, पोरं पाच.
पालथा हात फिरवून
मी कधी बघितलं नव्हतं.

हे दर्शनाला सांगितलेलं नाही.
तिच्याकडून हल्ली निरोप येतो:
आज एक बांगडा दिला, लहान.
तेवढा मी रात्रीच्या भातातून वजा करतो.
तिचं माप चोख असतं. मी तपासून पाहिलंय.

काल ओहोटीला सुतळी पळाली.
कशामागे ते कळलं नाही, काही नव्हतंच बहुतेक.
चारी पाय पोटाखाली गोळा, मग चारी हवेत,
जाळी विणणारे तिघे सुई धरून थांबले.
एक म्हणाला, मापाऱ्याची कुत्री.
तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबलो.
तो विणायला लागला.

रात्री आठ. दोनशे दहातून बांगडा वजा.
संपवून ती ताटली चाटत राहते,
ताटली फरशीवरून सरकत सरकत
माझ्या पायाशी येऊन थांबते.
ती वर बघते.
मी हात पालथा करून तिच्या कुशीवर ठेवतो.
बरोबर आहे.
बरोबर आहे, तरी ती बघतेच आहे.