उलटी ओढ

यॉता नदीकाठची चिकणमाती
सकाळी बुटाचा ठसा घेते, दुपारी विसरते.
चौदा दिवसांपूर्वी तिच्या पोटात चुना-सिमेंट घुसळून
खांब केले. वरून एकही दिसत नाही.
तळाशी पंखांचं पातं पुरलेलं,
तार तेवढी वर.

आज हालवार तार उपसतो.
सिग्ब्रित आकडे सांगते, मी लिहिते:
नऊ मीटर, घट्ट. आठ, घट्ट. सात.
सहावर काटा धपकन खाली,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसा.

पलीकडे शाळेच्या कुंपणाला टेकलेल्या सायकली.

पातं वर येतं. पंखाला राखाडी लगदा,
त्यात नखाएवढा शिंपला.
“इथे समुद्र होता,” हालवार म्हणतो,
आणि पातं पुसायचं राहून जातं.
सिग्ब्रित माझ्या हातून पेन्सिल घेते,
सहाभोवती गोल करते.
“शेजारचाही ओढ.”