वजनवही

कंपनीचं विमान एकच, नऊ खुर्च्यांचं,
आणि काटा गुळाच्या अडतीतून आणलेला.
उजळाईवाडीला पत्र्याखाली मी माणसं तोलायचो.
चौगुले फौंड्रीवाले, ब्याण्णव;
पिशवीत नमुन्याचा व्हॉल्व्ह, अकरा.
शिरगुप्पे आक्का, एकेचाळीस. मुंबईला तपासणी.
पुढच्या खेपेला अडतीस.
काही बोललो नाही, खिडकीपाशी बसवलं.

सहा वर्षांत मालकानं उद्यमनगरातले दोन लेथ विकले,
मग शेड, मग विमान.
घेणारा म्हणाला, कागदं द्या सगळी.
दिली.
ही वही तेवढी ठेवली.

शेवटच्या पानावर मीच, एकसष्ट.
नरोन्हा कॅप्टन म्हणाले, चल की, एक चक्कर.
वरनं रंकाळा दिसला, ताटलीएवढा.
उतरल्यावर परत काट्यावर उभा राहिलो.
एकसष्टच.